स्पोर्ट्स कार घ्यायची आहे? आधी सकाळची पहिली पाच मिनिटं बघा



गेल्या महिन्यात रत्नागिरीची बॅच संपली. सगळे चहा प्यायला बाहेर आले, तेव्हा एक मुलगा थोडा बाजूला थांबून राहिला होता. घरची कलमं आहेत, आंबा पोळी आणि पल्पचं छोटं युनिट आहे. दोन सीझन बरे गेले. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, एक विचारू? हसू नका. मला स्पोर्ट्स टाइप गाडी घ्यायची आहे. सेकंडहँड. टर्बो पेट्रोल. घेऊ का?"

तुम्हाला वाटेल की मी त्याला लगेच ईएमआयचं गणित दिलं असेल. तसं मी नेहमी देतो. पण त्या दिवशी मी वेगळंच विचारलं. म्हटलं, "आत्ता जी गाडी आहे ती सकाळी स्टार्ट केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करतोस?"

तो गोंधळला. म्हणाला, "काय करणार सर? चालवतो."

आजचा लेख या "चालवतो" या एका शब्दावर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवू शकता. ताकदवान इंजिन लवकर जातं ते जास्त स्पीडमुळे, असं आपल्याकडे सरसकट समजतात. मला ते पटत नाही. माझ्या मते बहुतेक इंजिनं पाच-सहा साध्या, रोजच्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या सवयींनी जातात. त्या सवयी बदलायला एक रुपया लागत नाही. त्या न बदलल्या तर मात्र लाखाच्या पुढचं बिल येऊ शकतं. हे मी अनुभवाने सांगतोय, माझं बिल मी भरलेलं आहे.

स्पोर्ट्स कार आपल्यापासून लांब नाही

"सर, आम्ही कुठे स्पोर्ट्स कार चालवतो?" असं म्हणून लेख बंद करू नका. आपल्या पट्ट्यातच बघा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी काढली होती. दिसायला स्पोर्ट्स कार, पण इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवरचं. म्हणजे ताकदीला आजची साधी हॅचबॅक तिच्या पुढे आहे. नंतर २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने 'अवंती' दाखवली. त्यातही पुढे रेनोचंच इंजिन आलं, पण २ लिटरचं, टर्बोवालं, २५० हॉर्सपॉवरच्या घरातलं. फरक कुठून आला? इंजिन मोठं झालं हे खरं, पण मोठी उडी टर्बोने दिली.

आता हा टर्बो सगळीकडे आहे. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय फक्त १.२ लिटरच्या इंजिनातून १०५ हॉर्सपॉवर काढायची. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो १.४ लिटरमधून १४५ काढायची. आज दहा-बारा लाखांच्या गाड्यांत एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन सर्रास मिळतं. आणि तुमची मालाची पिकअप? ती टर्बो डिझेल आहे. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला जे नियम लागतात, ते थोड्याफार फरकाने तुमच्या दारातल्या गाडीलाही लागतात. एप्रिल-मे महिन्यात वाशी मार्केटला पेट्या पोचवणाऱ्या गाडीला तर नक्कीच लागतात.

माझं बिल

काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली. कोणती ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. माझं घर कुवारबावच्या बाजूला, क्लासचा हॉल मारुती मंदिरजवळ. रोज सकाळी उशीर झालेला असायचा. गाडी स्टार्ट, लगेच रिव्हर्स, गेटबाहेर पडलो की साळवी स्टॉपच्या सिग्नलपर्यंत दाबून. सात-आठ मिनिटांत हॉल. गाडी बंद. संध्याकाळी परत तेच. कधीमधी कोल्हापूरला वर्कशॉप असायचं, तेव्हा आंबा घाट.

दीड वर्षात गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चालली. मी खूश होतो. गाडी कमी चालली म्हणजे सर्व्हिसिंगही लांबलं, पैसे वाचले, असा हिशोब. ऑइल बदलायचे किलोमीटर अजून झालेच नव्हते ना!

मग एका शुक्रवारी साखरपा सोडून घाट चढायला लागलो आणि गाडी ओढेना. शिट्टीसारखा आवाज. मागे आरशात बघतो तर निळा धूर. कोल्हापूरला चाळीस माणसं माझी वाट बघत बसली होती. मी घाटात दगडाला टेकून फोन करत होतो. त्या दिवशीची फी परत केली. त्याहून वाईट म्हणजे चाळीस लोकांना मी 'वेळेचं नियोजन' शिकवायला जाणार होतो.

गाडी टो करून आणली. मिरजोळे एमआयडीसीजवळ आमचे एक जुने मेस्त्री आहेत. त्यांनी चेंबर खाली घेतला आणि मला बोलावलं. ऑइलच्या जाळीवर काकवीसारखा काळा थर बसला होता. टर्बोचं बेअरिंग गेलेलं. पिस्टनच्या रिंगा कार्बनमध्ये चिकटून बसलेल्या. मेस्त्रींनी मला तीनच प्रश्न विचारले. सकाळी स्टार्ट केल्यावर किती वेळात पळवता? दिवसाला एका दमात किती किलोमीटर चालवता? आणि घाट चढून वर गेल्यावर गाडी कधी बंद करता?

माझी उत्तरं ऐकून ते म्हणाले, "सर, तुमी गाडी जास्त चालवलीत म्हणून नाय गेली. अर्धवट चालवलीत म्हणून गेली."

बिल लाखाच्या पुढे गेलं. त्या तिमाहीत मी व्हिडिओ एडिटिंगसाठी एक मुलगा कामावर घेणार होतो. त्याला "दोन महिने थांब" असं सांगावं लागलं. तो थांबला नाही, पुण्याला गेला. चांगला होता. माझ्या सवयीची किंमत त्यानेही थोडी मोजली, असं मला आजही वाटतं.

सवय पहिली: थंड इंजिनावर पाय देणं

"सर, रत्नागिरीत कुठे थंडी असते?" हा प्रश्न मला हमखास येतो. मे महिन्यात सकाळी सात वाजताही घाम येतो, मग इंजिन थंड कसं?

इंजिनाच्या हिशोबाने आपली उन्हाळ्यातली सकाळही थंडच आहे. ऑइल काम करायला बनवलेलं असतं साधारण १०० अंशाच्या आसपास. गाड्यांत वापरलं जाणारं ५डब्ल्यू-४० ऑइल घ्या. ४० अंशाला ते १०० अंशाच्या तुलनेत साधारण सहापट घट्ट असतं. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा ते घट्टच आहे. घट्ट ऑइल बारीक वाटांतून हळू जातं. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो गरम झाल्यावर फुगून बरोबर मापात बसतो. थंड असताना तो थोडा ढिला असतो. अशा वेळी तुम्ही ५००० आरपीएमला नेलं, तर घासण्याचं प्रमाण किती वाढेल ते तुम्हीच विचार करा.

यात एक फसवी गोष्ट आहे. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. पाणी आधी तापतं, ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. काही गाड्यांत तर काटाही नाही, एक निळा दिवा असतो. तो गेला म्हणजे फक्त पाणी कोमट झालं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. बीएमडब्ल्यूच्या एम मालिकेतल्या गाड्यांमध्ये आरपीएमच्या मीटरवर दिव्यांची सोय दिलेली असते. इंजिन थंड असताना लाल रेषा खाली असते आणि ऑइल तापेल तशी ती वर सरकते. फॉर्म्युला वन तर त्याच्या पुढे. तिथे इंजिनात इतक्या बारीक फटी असतात की बाहेरून गरम पाणी आणि ऑइल फिरवून इंजिन आधी तापवतात, मगच स्टार्ट करतात. वेग हाच ज्यांचा धंदा, ते लोक इंजिन तापायची वाट बघतात. आणि आपण साळवी स्टॉपच्या सिग्नलला रिक्षेच्या पुढे जाण्यासाठी घाई करतो.

मग काय, दहा मिनिटं दारात गाडी चालू ठेवायची? तेही नको. उभ्या गाडीत इंजिन फार हळू तापतं आणि पेट्रोल फुकट जातं. स्टार्ट करा, बेल्ट लावा, अर्धं मिनिट गेलं की निघा. पहिले सात-आठ किलोमीटर २५००-३००० आरपीएमच्या आत, हलक्या पायाने चालवा. शहरातून हातखंब्याला पोचेपर्यंत गाडी तयार झालेली असते. मग हायवेला खुशाल पाय द्या.

सवय दुसरी: फक्त छोट्या फेऱ्या

माझी मुख्य चूक हीच. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा पाण्याची वाफ तयार होते, आणि थंड इंजिनात थोडं न जळलेलं पेट्रोलही रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पूर्ण तापलं आणि काही वेळ तापलेलंच राहिलं, तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. रोज तीन-चार किलोमीटरच गाडी चालली, तर ते आतच राहतं. ऑइल पातळ होतं, त्यात आम्ल तयार होतं, चिखल साठतो.

म्हणूनच मॅन्युअलमध्ये "इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं. आपण पहिला अर्धा भाग वाचतो. त्याच मॅन्युअलमध्ये छोट्या फेऱ्या, धूळ, सतत ट्रॅफिक यांना कठीण वापर म्हटलेलं असतं आणि ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर हे जास्त मनावर घ्यावं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ व्हायला गाडी गरम होऊन काही वेळ सलग चालावी लागते. बाजारात माल टाकून परत, बाजारात माल टाकून परत, एवढंच केलं तर तो तुंबतो. साफसफाई मध्येच तुटली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, गाडी दाखवा.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. गणपतीपुळ्याला जा, पावसला जा. घरचेही खूश आणि इंजिनही. शिवाय वर्षातून एकदा ऑइल बदलाच, किलोमीटर होवोत न होवोत.

सवय तिसरी: घाटात गियर न पाडणं

आंबा घाटाच्या वळणावर तुमच्या पुढे ट्रक असतो. तुम्ही तिसऱ्या गियरमध्ये, आरपीएम १३००, आणि पाय तळाला टेकलेला. गाडी गुरगुरते, पण गियर पाडायचा कंटाळा. काहींना वाटतं, आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम आणि ॲव्हरेज चांगलं.

उलटं आहे. कमी आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की टर्बो हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब खूप वाढतो, आणि इंजिन हळू फिरत असल्यामुळे बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ असतो. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत याचा एक खास धोका आहे. प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दणका बसतो. यात पिस्टनची रिंगेजवळची कड तुटू शकते. हा प्रश्न जगभरच्या कंपन्यांना इतका सतावत होता की ऑइलच्या मानकात त्यासाठी वेगळी चाचणी आणावी लागली. २०२० मध्ये आलेलं 'एपीआय एसपी' हे मानक त्याचंच. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर डब्यावर ही अक्षरं आहेत का ते बघा, आणि मॅन्युअलशी जुळवा.

चढावर गियर पाडा. २५०० ते ३५०० मध्ये इंजिन मोकळं फिरू द्या. आवाज जास्त येईल, पण त्रास कमी होईल.

धंद्यातही मी हे बघतो. माणसं तेवढीच, कामाचा भार दुप्पट, वरून "काहीतरी करा आणि निभावून न्या." महिनाभर निभतंही. मग एक दिवस सगळ्यात चांगला माणूस सोडून जातो. आपण म्हणतो, अचानक गेला.

सवय चौथी: वर पोचलो की लगेच बंद

घाट चढून वर आलात, कणसाची गाडी दिसली, ब्रेक, चावी बंद. किती छान वाटतं ना! पण आत काय चाललंय बघा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारत असतो. पेट्रोल गाडीत टर्बोवर येणारा धूर ९०० अंशाच्या पुढे जाऊ शकतो. चावी बंद केली की ऑइल पंप थांबतो. जे ऑइल टर्बोच्या बेअरिंगमध्ये उभं राहिलं, ते तिथेच भाजतं आणि त्याचा कोळसा होतो. एकदा केलं म्हणून काही होत नाही. शंभर वेळा केलं की वाट बुजते.

आता खरं तेही सांगतो. नव्या बऱ्याच गाड्यांत टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं आणि गाडी बंद झाल्यावरही एक छोटा इलेक्ट्रिक पंप पाणी फिरवत राहतो. त्यामुळे धोका पूर्वीपेक्षा कमी आहे, संपलेला नाही. आणि तुम्ही सेकंडहँड घेणार असाल तर आधीच्या मालकाने काय केलंय ते कुठे माहीत आहे? शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. ते जमलं नाही तर थांबल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवा आणि मग बंद करा.

सवय पाचवी: उतारावर न्यूट्रल, आणि चुकीचा गियर

पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे अजूनही आहेत. आजच्या इंजिनात गियरमध्ये उतरताना पाय उचललात की कॉम्प्युटर इंधन पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही, वर ब्रेक तापून निकामी व्हायचा धोका.

दुसरी बाजूही आहे. हौशी पोरं जोरात गियर पाडतात आणि चौथ्याऐवजी दुसरा पडतो. "गाडीत लिमिटर आहे, काही होत नाही" असं त्यांना वाटतं. लिमिटर फक्त इंधन तोडतो. इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात, त्यांना कोण तोडणार? वॉल्व्ह वाकणं, पिस्टनला लागणं, सगळं दोन सेकंदांत होतं. स्पीडने इंजिन जातं असं म्हणायचंच असेल, तर ते इथे म्हणा.

सवय सहावी: पाण्यात बंद पडली की सेल्फ मारणं

कोकणात राहून हे न सांगणं म्हणजे गुन्हा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. किती दुकानं, किती गाड्या गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट काय करतो? "बघूया चालू होते का" म्हणून सेल्फ मारतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी साफसफाईवर वाचली असती, ती पूर्ण इंजिनावर जाते.

स्पोर्टी गाड्या बुटक्या, काहींची हवा घेण्याची वाट खाली असते. म्हणून पाणी दिसलं की थांबा. पाण्यात बंद पडलीच तर चावीला हात लावू नका, ढकला, टो करा. आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी 'इंजिन प्रोटेक्शन' हे जोडकलम घेतलंय का ते विचारा. साध्या पॉलिसीत पाणी शिरून गेलेलं इंजिन बऱ्याचदा बसत नाही. आपल्या जिल्ह्यात पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

दोन पक्ष, आणि माझं म्हणणं

या विषयावर मला दोन प्रकारची माणसं भेटतात.

पहिले म्हणतात, "गाडी हळू चालवा, टिकते." त्यांना माझं सांगणं, माझी गाडी बघा. जेमतेम सहा हजार किलोमीटर, तेही बहुतेक गावातच. टिकली का? कायम गावात हळूहळू फिरलेलं इंजिन आतून काजळतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत तर आत येणाऱ्या वॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण तिथे पेट्रोलने धुतलं जाणं बंद झालेलं असतं. पूर्ण तापलेल्या इंजिनाला अधूनमधून मोकळं पळवणं चांगलंच.

दुसरे म्हणतात, "पळवायलाच घेतली आहे, पूजा करायला नाही." त्यांचं मला अर्धं पटतं. पळवा. पण इंजिन तापल्यावर पळवा आणि थांबायच्या आधी निवू द्या. मधले चाळीस किलोमीटर तुमचे. पहिले आठ आणि शेवटचे दोन इंजिनाचे.

काही जण म्हणतील, एवढा विचार करायचा तर घ्यायचीच कशाला? गाडी म्हणजे आनंद. मान्य आहे, मीही हौशी माणूस आहे. पण छोट्या धंदेवाल्याचा आनंद आणि धंद्याचं भांडवल एकाच खिशात असतं. पगारदार माणसाचं इंजिन गेलं तर त्याची सुट्टीची ट्रिप रद्द होते. तुमचं गेलं तर बॉक्सवाल्याचं पेमेंट थकतं, कामगाराची उचल थांबते. म्हणून आपल्याला ही काळजी जास्त घ्यावी लागते. यात कंजूषपणा काही नाही.

सेकंडहँड घेताना मीटर कमी बघा, माणूस जास्त बघा

जाहिरातीत "फक्त २२,००० किमी, लेडी ड्रिव्हन, सिटी युज" असं वाचलं की आपण उडी मारतो. मी आता थांबून विचार करतो. सहा वर्षांत २२,००० म्हणजे दिवसाला दहा किलोमीटर. म्हणजे इंजिन किती वेळा पूर्ण तापलं असेल? त्यापेक्षा हायवेला ७०,००० चाललेली, दरवर्षी ऑइल बदलल्याची नोंद असलेली गाडी मला जास्त विश्वासाची वाटते.

गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा, "स्टार्ट करून ठेवू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कारण विचारा. थंड स्टार्ट स्वतः ऐका. निळा धूर येतो का बघा. ऑइल भरायचं झाकण उघडून आत चिखल आहे का बघा. आणि मालकाच्या शेजारी बसून त्यालाच गाडी चालवायला सांगा. पहिल्या किलोमीटरमध्ये तो पाय कसा देतो त्यावरून तुम्हाला गाडीचा मागचा सगळा इतिहास कळेल. सर्व्हिस बुकमध्ये तो लिहिलेला नसतो.

आणि धंद्याच्या गाडीवर ड्रायव्हर असेल तर? त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. "लवकर निघ, लवकर पोच" असं आपणच सांगतो, मग तो थंड गाडी हाणणारच. निघायची वेळ दहा मिनिटं आधी ठेवा. वरच्या सहा गोष्टी मराठीत एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. वर्षअखेरीला गाडीने काम काढलं नाही, तर वाचलेल्या पैशातून त्याला काहीतरी द्या. मेंटेनन्सवर माझ्या मते याहून चांगली गुंतवणूक नाही.

त्या मुलाला काय सांगितलं?

मी त्याला म्हटलं, "घे. पण तीन महिन्यांनी. तोपर्यंत आत्ता जी आहे ती अशी चालव, जणू तीच तुझी स्पोर्ट्स कार आहे. पहिले आठ किलोमीटर हळू, चढावर गियर पाड, थांबायच्या आधी निवू दे, ऑइलची पट्टी दर रविवारी बघ. तीन महिने हे जमलं तर गाडी घे. नाही जमलं तर नवी गाडीही तू तशीच चालवणार आहेस, मग पैसे कशाला घालवतोस?"

तो हसला. पण परवा त्याचा मेसेज आला. फोटो होता, ऑइलच्या पट्टीचा. खाली लिहिलं होतं, "सर, अर्धा लिटर कमी निघालं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं."

आता तुमचा गृहपाठ. उद्या सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी कुठे आहे आणि शेवटचं ऑइल कोणत्या तारखेला बदललं, या दोन गोष्टी वहीत लिहा. तारीख आठवत नसेल तर तसंच लिहा, "आठवत नाही". आणि मग त्या आठवड्यात मेस्त्रीकडे जा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या, आणि गाडी तापल्यावर.